अंधार मंजूर होण्याबाबत

विषय : मौजे तरसवाडी, तालुका कवठे महांकाळ येथील फाट्यावरच्या खांबाचा दिवा बंद करण्याबाबत.

संदर्भ : आमचा अर्ज, आणि त्यावर आम्हीच पाठवलेली स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, हा दिवा बंद व्हावा असं एका शास्त्रज्ञाला वाटत होतं, तो चालू राहावा असं एका गावाला वाटत होतं, आणि दोघांच्या मधे टेबल टाकून मी बसलो होतो.

किस्से फायलींसारखेच साठतात. एकेक कागद येतो तेव्हा त्याचं काही विशेष वाटत नाही. मग एक दिवस कपाट उघडावं, तर सगळं अंगावर येतं! निवृत्त होऊन मी साताऱ्याला घरी आलो. आमची पाच-सहा म्हाताऱ्यांची बैठक संध्याकाळी तळ्याच्या काठावर भरते. तिथे एकदा बोलता बोलता तरसवाडीचं नाव निघालं, आणि तेव्हापासून गुडघेदुखीचा विषय मागे पडून रोज एकच फर्माईश : "भाऊसाहेब, तुमच्या त्या अंधाराच्या ऑफिसातलं सांगा!"

तर सांगतो.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून होतो. एके दिवशी साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. म्हणाले, "प्या. पोटभर प्या. तुमची बदली कवठे महांकाळ तालुक्यात झाली आहे."

कृष्णाकाठचा माणूस मी. तिथला कोरडा माळ पाहिला आणि तांब्याचा अर्थ समजला.

त्या माळावर चार खोल्यांचं 'वैश्विक किरण निरीक्षण केंद्र' होतं. प्रमुख डॉक्टर मगदूम. सांगलीकडच्या बागाईतदार जैन घरातले, परदेशात शिकून आलेले, बोलायला मऊ आणि हट्टाला कठीण. त्यांचे वडील एकदा केंद्र बघायला आले होते. मी चहा दिला, तेव्हा सहज म्हणाले, "थोरला ऊस करतोय. मधला हळद करतोय. धाकटा काय करतोय ते अजून उगवलं न्हाई."

साहेब काय करत होते ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. आकाशातून, दूरच्या कुठल्या ताऱ्याकडून, सूक्ष्म कण सतत पृथ्वीवर येत असतात. एखादा जबर ताकदीचा आला, तर हवेत शिरताना निळसर प्रकाशाची चमक उठते. ती इतकी अंधुक आणि इतकी क्षणिक, की नुसता चंद्र उगवला तरी दिसत नाही. ती मोठ्या आरशांनी गोळा करायची आणि यंत्राने नोंदवायची.

"म्हणजे साहेब, आपल्याला लागतं काय?"

"अंधार," साहेब म्हणाले. "बाकी सगळं मी आणलंय."

*

आरसे मिलिटरीच्या भंगारातून आले. जुन्या लढाईतल्या सर्चलाइटचे, पुरुषभर हात पसरले तरी कडा पुरत्या हाती न येणारे असे चार. ट्रकातून गवतात गुंडाळून उतरले तेव्हा आमचे पहारेकरी हवालदार जाधव धावत आले. वाळवा तालुक्यातले, तोफखान्यातून निवृत्त झालेले. पहिली पेटी उघडल्याबरोबर त्यांनी आरशाला कडक सॅल्यूट ठोकला.

"सर, ह्ये तर आपलं सर्चलाइट! पर दिवा कुटं हाय?"

"दिवा नकोय, हवालदार. नुसता आरसा."

"मग आभाळातलं दुश्मनाचं इमान दिसनार कसं?"

"आपण वर काही दाखवायचं नाही. वरून जे येतं ते फक्त बघायचं."

हवालदारांनी थोडा विचार केला. "म्हंजी सर, दिवा दुश्मन लावनार, आन् आपन खाली अंधारात वाट बघत बसनार?"

"साधारण तसंच."

बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, आपला शीओ, म्हंजी कमांडिंग आफिसर, लय धाडसी हाय. पर पलटणीकडं दारूगोळा काय बी न्हाई!"

दिवस मावळल्यावर केंद्राच्या आवारात काडी ओढायची नाही, विडी पेटवायची नाही, असा नियम निघाला. तो ऐकून तरसवाडीचे सरपंच दाजी पाटील खास बघायला आले. चारी खोल्या हिंडले. सगळ्या भिंती काळ्या, खिडक्यांना काळी कापडं.

"समद्या राज्यात सरकार गावोगाव वीज देतंय," दाजी म्हणाले, "आन् आमच्या वाट्याला अंधाराचं ऑफिस! आवं, अंधार आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या हाय. कवा त्याला ऑफिस लागलं न्हाई."

तेव्हापासून पोस्टमनसुद्धा पत्त्याकडे न बघता 'अंधाराचं ऑफिस' म्हणूनच टपाल आणून टाकू लागला.

*

आणि मग तरसवाडीत वीज आली.

पहिला खांब रोवला तो फाट्यावर, बायजाक्काच्या चहाच्या टपरीसमोर. पहिला दिवा लागला तो त्याच खांबावर. आणि तो होता आमच्या आरशांच्या बरोबर नजरेसमोर!

गावाने पेढे वाटले. दाजी स्वतः पुडा घेऊन केंद्रावर आले. नको कसं म्हणणार? मगदूम साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि कारल्याची फोड चावावी तसा चावला.

त्या रात्री यंत्राने नोंदवलेला कागद साहेबांनी सकाळी माझ्यापुढे धरला. नुसता काळा. "हा एकच दिवा दिसतोय, भाऊसाहेब. बाकी विश्व संपलं."

मुख्यालयाला कळवावं लागलं. उत्तर आलं ते सरळ होतं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत अंधाराची व्यवस्था झाली नाही तर केंद्र बंद करून आरसे दक्षिणेतल्या एका डोंगरावर हलवण्यात येतील. साहेबांची आठ वर्षं त्या माळावर गेली होती. पत्र त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

मग स्वतः उतरून फाट्यावर गेले. मी बरोबर होतो. बायजाक्का म्हणजे साठीची, नवरा नसलेली, फाट्यावरच्या सगळ्या पुरुषांना पुरून उरलेली बाई. पूर्वी तिची टपरी दिवस मावळला की बंद व्हायची. दिवा आल्यापासून ती रात्रीच्या शेवटच्या एस्टीपर्यंत उघडी असायची.

"आक्का," साहेब म्हणाले, "अमावस्येच्या आसपासच्या रात्री तरी हा दिवा नको होता."

"का वं सायेब? तुमी अंधारात शोधताय तरी काय?"

"प्रकाश."

बायजाक्काने खांबाकडे मान वर केली. "आवं मग ह्यो काय लावलाय न्हवं!"

*

सरकारी मार्ग राहिला. मी तालुक्याच्या वीज कचेरीत गेलो. तिथला कारकून माझ्याच जातकुळीचा निघाला. म्हणजे माणूस सज्जन, पण नियमातला. त्याने कपाट उघडून सगळे छापील अर्ज टेबलावर मांडले.

"दिवा बसवण्याचा आहे. दिवा सरकवण्याचा आहे. बंद पडलेल्या दिव्याची तक्रार आहे. चालू दिवा बंद करण्याचा छापलेलाच नाही."

"का हो?"

"आजवर कुणी मागितला नाही!"

दोघांनी डोकं लावलं. शेवटी नव्या जोडणीचाच अर्ज भरायचं ठरलं. 'वापराचे प्रयोजन' या रकान्यात मी लिहिलं : अंधार. 'विजेची मागणी' या रकान्यात : शून्य. त्याने तो दोनदा वाचला, दबकत म्हणाला, "शून्य वीज जोडायला तारा किती लागतील, हे वर विचारावं लागेल."

वर विचारण्यात आलं.

*

तोवर बाकीचं चालूच होतं. सरकारी कचेरीत विश्व थांबलं तरी ऑडिट थांबत नाही.

ऑडिटर आले ते सांगलीहून, भर दुपारी, घाम पुसत. साठ्याची नोंदवही मागितली. टेबलं बरोबर, खुर्च्या बरोबर, आरसे चार. मग म्हणाले, "हे केंद्र कण गोळा करतं ना? मग आले किती, वापरले किती, शिल्लक किती?"

साहेब शांतपणे म्हणाले, "ते गोळा होत नाहीत. येतात आणि आरपार निघून जातात."

"कशाच्या आरपार?"

"छपराच्या. जमिनीच्या. आत्ता आपण बोलतोय तेवढ्यात आपल्यातूनही कितीतरी गेले."

ऑडिटरांनी पोटावरून हात फिरवला. "माझ्यातून?"

"हो."

"नोंद न करता?"

ऑडिटचा शेरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे : 'केंद्रात येणाऱ्या मालाची आवक घेतली जात नाही. तसेच तो परवानगीशिवाय केंद्राबाहेर जातो. पहारेकऱ्याकडून खुलासा घ्यावा.'

हवालदारांनी खुलासा दिला : 'माझ्या पहाऱ्यात फाटकातून एकही कण बाहेर गेलेला नाही.'

शेरा वगळण्यात आला.

*

साहेब जैन. सूर्यास्ताच्या आत जेवणार. त्यांचं खरं काम सुरू व्हायचं सूर्यास्तानंतर. मुंग्यांवर पावडर टाकायची नाही, उंदराला पिंजरा लावला तर पकडलेला उंदीर हवालदारांनी पार ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचा. "सर, त्यो आपल्या आदी परत येतोय," ही हवालदारांची कायमची तक्रार.

दिवा येण्याआधी एका वर्षी चौथ्या आरशाच्या मागे चिमणीने घरटं केलं. आरसा हलवला की घरटं खाली येणार. घरट्यात अंडी.

"हा आरसा राहू दे," साहेब म्हणाले.

"साहेब, मुख्यालयाला काय लिहू? तीनच आरसे का चालू, असं विचारतील."

"खरं ते लिहा."

मी लिहिलं : 'चौथा आरसा कौटुंबिक कारणास्तव बंद आहे.'

मुख्यालयाला वाटलं कुणा कर्मचाऱ्याबद्दल आहे. उत्तर आलं : 'प्रसूती रजा नियमानुसार मंजूर करण्यात येत आहे. रुजू झाल्याची तारीख कळवावी.'

पिल्लं उडाली तेव्हा मी तारीख कळवली. पण तोवर चिमण्यांनी आरशाची ती दशा केली होती, की साहेबांनी घासघासून पुसला तरी आकाश बघण्याच्या लायकीचा राहिला नाही. 'निरुपयोगी' असा शिक्का घेऊन तो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. हवालदार त्यात बघून मिशा कातरायचे. त्यात एक मिशी हाताएवढी दिसायची, त्यामुळे त्यांचा उत्साह वाढायचा.

*

आता पोतदारांचा किस्सा, तोही दिवा येण्याआधीचा. पोतदार आमचे रेकॉर्ड कारकून. आयुष्य ट्रेझरीत गेलेलं. ज्या कागदाला भोक नाही, टॅग नाही आणि लाखेचं सील नाही, तो कागद त्यांच्या लेखी उघडा माणूस!

आमच्या यंत्राने नोंदवलेली माहिती जाड कार्डांवर उतरवली जायची. एकेका कार्डावर बारीक भोकं, आणि कुठल्या जागी भोक आहे त्यावरून मुंबईच्या मोठ्या काँप्युटरला कळायचं की कुठल्या जागी कण दिसला. अशा कार्डांची पेटी एस्टीने सांगलीला आणि तिथून रेल्वेने मुंबईला जायची.

त्या सुमारास एक गोपनीय परिपत्रक आलं. काँप्युटरकडे जाणाऱ्या माहितीत वाटेत कुणी फेरफार करू नये, एखादं कार्ड काढू नये, एखादं घुसवू नये, यासाठी प्रत्येक केंद्राने योग्य ती सुरक्षितता बाळगावी.

पोतदारांनी बाह्या सावरल्या. दोन दिवस दार लावून बसले. पेटी रवाना झाली.

आठवड्याने मुंबईहून तार. 'अभिनंदन. प्रत्येक नोंदीत एकाच जागी नवा कण. तपशील त्वरित कळवा.'

साहेब उभेच राहिले. तार पुन्हा वाचली. प्रत्येक नोंदीत, एकाच जागी, असं जगात कुणालाच दिसलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सूर्यास्ताच्या आतलं जेवणसुद्धा चुकवलं. हवालदारांनी न सांगता चारही आरशांना, म्हणजे मिशीच्याही आरशाला, हार घातले. दाजी पाटील तर म्हणाले, "कणाला गावाचं नाव द्या सायेब, आमी ठराव करतो!"

तिसऱ्या दिवशी पेटी परत आली. साहेबांनी उघडली. आत सगळी कार्डं डाव्या कोपऱ्यात एकसारखं भोक पाडून, पांढऱ्या टॅगमध्ये ओवून, गाठीवर लाख लावून, घट्ट बांधलेली. मुंबईच्या माणसाने टॅग सोडून कार्डं काँप्युटरला घातली होती.

साहेबांनी पोतदारांना बोलावलं. "हे भोक तुम्ही पाडलंत?"

"होय साहेब," पोतदार अभिमानाने म्हणाले. "आता त्यातलं एक कार्ड काढून दाखवावं कुणी!"

साहेबांनी त्या भोकावरून बोट फिरवलं. मग हसायला लागले. इतके हसले, की मला पाणी आणावं लागलं. आठवडाभर विश्वात एक कण जास्त होता, आणि तो पोतदारांनी पाडलेला होता!

*

मुंबईला मात्र हसू आलं नाही. पुढचं परिपत्रक कडक आलं. यापुढे काँप्युटरवरचं काम सांकेतिक शब्द कळवल्याशिवाय होणार नाही. म्हणजे पासवर्ड. तो सीलबंद लिफाफ्यातून आला. साहेबांनी वाचला, मला दाखवला आणि म्हणाले, "हा योग्य माणसांनाच माहीत हवा."

हे हवालदारांनी दारातून ऐकलं. पासवर्ड म्हटल्यावर त्यांच्या अंगात पलटण संचारली. लिफाफ्यातला शब्द त्यांनी माझ्याकडून रीतसर मागून घेतला. पहारेकरीच तो, योग्य माणूस नाही कसा म्हणणार?

दोन दिवसांनी मी फाट्यावर चहाला गेलो. बायजाक्काने कप मागे ओढला.

"भाऊसायेब, आदी पासवर्ड सांगा."

"आक्का, तुम्हाला कुणी सांगितला?"

"हवालदारानं. समद्या गावाला सांगितलाय. ग्रामपंचायतीत सुदीक."

मी तसाच वर आलो आणि हवालदारांना फैलावर घेतलं. ते ताठ उभे राहिले.

"भाऊसाहेब, तुमी फौजंत न्हवता म्हनून इचारताय. रातच्याला शेंट्री वरडतो, हॉल्ट! त्या टायमाला पासवर्ड आपल्या एका बी मानसाला ठावं नसला, तर त्यो आपल्याच गोळीनं जातोय. पासवर्ड समद्यास्नी पाठ पायजे! फकस्त दुश्मनाला न्हाई."

"आणि दुश्मन कोण?"

हवालदारांनी आवाज उतरवला. "शेजारची वाडी."

पुढच्याच महिन्यात मुंबईशी ट्रंककॉल लागला. तासभर थांबून लागलेला. पलीकडून पासवर्ड विचारला, आणि साहेबांना तो आठवेना! लिफाफा मी नियमाप्रमाणे जाळलेला. पोस्ट फाट्यावरच होतं. साहेबांनी रिसीव्हर हाताने झाकला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि हाक मारली, "आक्काऽऽ!"

*

तर परत दिव्याकडे. मुदतीचा हिवाळा जवळ आला. अर्ज वरच होता. साहेब रोज टपालाची वाट बघायचे. शेवटी दाजी पाटलांनाच राहवलं नाही.

"सायेब, चंद्र नसंल त्या रातीला दिवा झाका की तुमी. शेवटची गाडी येऊन गेली की झाका. आमची हरकत न्हाई."

झाकायचं कशाने? डालगं बांधून पाहिलं, तर कोंबड्यांच्या डालग्यातून हजार किरणं बाहेर! मग हवालदारांनी आपला मिलिटरीचा ओव्हरकोट काढला. शिडी लावून तो दिव्यावर चढवला, गुंड्या लावल्या. बाह्या खाली लोंबत होत्या. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. आरसे सुरू झाले, यंत्र टिकटिकलं, साहेबांचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी शेवटची एस्टी उशिरा येणार असा निरोप आला, आणि हवालदारांनी कोट जरा लवकर चढवला. गाडी वळणावर आली. ड्रायव्हरने गाडीच्या उजेडात पाहिलं, खांबाला एक माणूस लटकतोय, हात सोडलेले. त्याने गाडी थांबवली नाही. उतरणाऱ्यांनी आरडाओरडा केला, तरी ती थेट पुढच्या गावच्या पोलीस चौकीत जाऊन उभी राहिली!

सकाळी पंचनामा झाला. जमादार खांबाभोवती फिरले, वर पाहिलं, आणि हवालदारांना विचारलं, "हा कोट मयताचा?"

"न्हाई साहेब, माजा."

"मग मयत कुठाय?"

"मीच हाय. पर अजून जित्ता हाय!"

सरकारी दिव्याला वस्त्र नेसवल्याबद्दल ताकीद मिळाली. कोट उतरला. आणि अर्जाचा विचार करण्यासाठी वीज कचेरीचे साहेब जागा पाहायला आले. दुपारी आले. खांबाखाली उभे राहिले, चहा घेतला, आणि शेरा लिहून गेले : 'पाहणीच्या वेळी दिवा बंद असल्याचे आढळून आले. अर्जदाराच्या तक्रारीत तथ्य दिसत नाही. तरी अर्ज पुढील विचारार्थ ठेवावा.'

*

आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत, कुणीही काही न करता, दिवा आपोआप गेला. बल्ब उडाला.

मुख्यालयाच्या मुदतीला अजून वेळ होता. तरसवाडीवर पुन्हा पूर्वीचा अंधार पडला. तो सबंध हिवाळा साहेबांनी सोन्यासारखा वापरला. चंद्र नसेल त्या प्रत्येक रात्री तीन आरसे आकाशाकडे लागलेले. हाती आलेल्या निष्कर्षाचा निबंध त्यांनी मला टाइप करायला दिला. वाचून मी विचारलं, "साहेब, यात तर काहीच दिसलं नाही असं लिहिलंय."

"हो. पण इतक्या खात्रीने काहीच दिसलं नाही, असं आजवर कुणाला दिसलं नव्हतं."

बाहेरच्या देशातून त्याबद्दल कौतुकाची पत्रं आली. मुख्यालयाने केंद्राला मुदतवाढ दिली. अट तीच : अंधार.

त्याच आठवड्यात बायजाक्का माळ चढून वर आली. एवढी वर्षं कधी आली नव्हती. दाराशी बसून दम घेतला.

"दिवा गेला तवा तुमी पेढे वाटले न्हाईत, ह्ये बरं केलंत," ती म्हणाली.

साहेबांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"सायेब, अंधारात शेवटची गाडी थांबत न्हाई. मी कंदील धरतो, पर त्यो दिसतोय कुनाला? आन् त्या मुडद्यापासनं डायवर फाटा आला की गाडी जास्तच पळवतोय. काल दाजी बायकुला सांगलीच्या दवाखान्यातनं घिऊन येत व्हता. टाक्याचं दुखनं. गाडीनं पुढच्या गावात उतरवलं. तिथनं चालत आनली तिला." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी शिकल्यालं. एक अर्ज लिवून द्या. दुसरा बल्ब लावा म्हनावं."

खोलीत मी, पोतदार आणि हवालदार होतो. सगळे साहेबांकडे बघत होतो. बल्ब लागला की आरसे दक्षिणेत जाणार, हे आक्कालाही माहीत होतं.

साहेबांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. बल्ब किती वॅटचा, कुठल्या खांबावर, का तातडीचा, सगळं. खाली सही केली.

मला राहवलं नाही. "साहेब, दिवा बंद करण्याचा आपला अर्ज अजून मागे घेतलेला नाही."

"तो कशाला मागे घ्यायचा? तो खरा आहे."

"आणि हा?"

"हाही खरा आहे."

मी दोन्हींना जावक क्रमांक दिले. वीज कचेरीतून यावेळी मात्र झटपट उत्तर आलं : 'एकाच अर्जदाराने एकाच खांबाबाबत दिवा बंद करण्याचा व चालू करण्याचा अर्ज केला आहे. सबब पहिल्याचा निर्णय झाल्याखेरीज दुसऱ्याचा विचार करता येत नाही, आणि दिवा चालू नसल्याने पहिल्याचा निर्णय करता येत नाही.'

साहेबांनी ते वाचलं. उठले, कोपऱ्यात गेले आणि मिशीचा आरसा उचलायला लागले. आम्ही तिघे धावलो.

तो आरसा बैलगाडीत घालून फाट्यावर नेला. साहेबांनी टपरीच्या आडोशाला दगड रचून तो उभा केला. तोंड रस्त्याकडे, पाठ माळाकडे. आक्काचा कंदील आरशापुढे टांगला. बोटभर पुढे, बोटभर मागे, असं स्वतः जमिनीवर उकिडवे बसून बराच वेळ करत राहिले. दिवस मावळायला आला होता, जेवणाची वेळ निघून चालली होती, पण ते उठले नाहीत.

काळोख पडला. माळावरून पोतदारांनी शिट्टी दिली, म्हणजे वर उजेड पोचत नाही. रस्त्याच्या टोकाला गाडीचे दोन दिवे दिसले. आणि इकडून, आक्काच्या त्या काजळी धरलेल्या कंदिलातून, पांढऱ्या उजेडाचा एक सोट निघाला तो सरळ ड्रायव्हरच्या तोंडावर!

कचकन ब्रेक लागले. गाडी फाट्यावर उभी. ड्रायव्हर दार उघडून अर्धा बाहेर आला. "आरं गड्या, इमान उतरवताय काय रं हितं?"

लोक पिशव्या घेऊन उतरले. आक्काने चहा चढवला. हवालदारांनी टाच जुळवून साहेबांना सॅल्यूट ठोकला.

"सर, आता कसं! मी पैल्याच दिशी इचारलं व्हतं, दिवा कुटं हाय म्हनून!"

तेव्हापासून शेवटची गाडी तिथे रोज थांबते आणि तीन आरसे वर अंधारात बसतात.

राहता राहिला कागद. आरसा, निरुपयोगी का असेना, सरकारी मालमत्ता. सबब, 'शासकीय आरसा चहाच्या टपरीवर ठेवण्यास कार्योत्तर मंजुरी मिळण्याबाबत' असा अर्ज मी माझ्या सेवेच्या शेवटच्या दिवशी मुख्यालयास सादर केला. सदर अर्ज, तसेच वर उल्लेख केलेले दिव्याबाबतचे दोन्ही अर्ज, अद्याप प्रलंबित आहेत.